‘निर्मूलन’ म्हणजे कापणं, उपटणं की खणणं? एका कन्नड सूचनेचं मराठी

शब्दवेडा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्राम अरण्य समितीच्या फलकासाठी कन्नड सूचनेचं मराठी हवंय. मूळ ओळ देवनागरीत लिहितो : ‘आक्रमणकारि कळेगिडगळ निर्मूलने मत्तु स्थळीय सस्यगळ नाटि’. कच्चं मराठी असं झालंय : ‘आक्रमक तणांचे निर्मूलन व स्थानिक सस्यांची नाटी’. शब्द सगळे ओळखीचे, वाक्य मात्र मराठी वाटत नाही. सुचवा.

मुक्काम लोंढा: आधी ‘सस्य’ काढा. कन्नडमध्ये सस्य म्हणजे कुठलीही वनस्पती. मराठीत सस्य म्हणजे शेतातलं उभं पीक, ‘सस्यश्यामल’मधलं. ‘स्थानिक सस्य’ वाचून एखादा म्हणेल, नाचणी पेरायला सांगतायत.

‘नाटी’ही तसंच फसवं. कन्नडमध्ये तो रोप लावण्याचा शब्द, त्यातही भातलावणीचा. शिवाय ‘नाटी कोळी’ म्हणजे गावठी कोंबडी, तिथे नाटीचा अर्थ गावठी. एका शब्दात लावणंही आलं आणि देशीपणही आलं, मराठीला ती सोय नाही. (कन्नड ‘मर’ म्हणजे झाड आणि आपल्याकडे ‘मर’ म्हणजे हरभऱ्याचा रोग. ‘मर वाढवा’ असा फलक अजून कुणी लावला नाही हे नशीब.)

बांधावरचा: माझा आक्षेप ‘तण’ला आहे. तण हा शेतातला शब्द. पिकात उगवतं, भांगलणीत जातं. निपाणी-चिकोडीकडे तण म्हटलं की बाई खुरपं घेऊन येते. घाणेरीची जाळी माणसाच्या डोक्यावरून जाते, तिथे खुरपं काय करणार? कामाच्या अंदाजपत्रकात ‘तण काढणे’ लिहिलं की मजुरीही एका भांगलणीच्या हिशेबाने धरली जाते आणि मग काम कोयत्याने वरवर उरकतं. ‘झुडपे’ लिहा, त्याहून बरं म्हणजे झाडाचं नावच लिहा.

शब्दवेडा: नावं लिहायला हरकत नाही, पण तीही गावागणिक बदलतात. लँटानाला घाणेरी म्हणायचं की टणटणी? आणि ‘निर्मूलन’ तरी ठेवायचं ना?

घटप्रभा: दोन्ही लिहा, ‘घाणेरी (टणटणी)’. क्रोमोलेनाला चंदगड-आजऱ्याकडून सिंधुदुर्गापर्यंत ‘रानमोडी’ चालतं. रान मोडते ती रानमोडी, नावातच तक्रार आहे. पण घाटाखाली रान म्हणजे जंगल आणि आपल्याकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय, तेव्हा इथला माणूस ती शेत मोडणारी समजेल. तेही खोटं नाही म्हणा, काजूच्या बागेत शिरली की तेच करते. केरळात तिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. पार्थेनियमला कन्नडमध्ये ‘काँग्रेस गिडा’, मराठीत ‘काँग्रेस गवत’ किंवा ‘गाजर गवत’. पानं गाजरासारखी म्हणून गाजर. गवत मात्र ते नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे.

बांधावरचा: ‘निर्मूलन’बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे. निर् + मूल, म्हणजे मूळच राहू न देणं. प्रत्यक्षात या शब्दाखाली जे चालतं ती छाटणी. शब्द मुळाचा आणि काम शेंड्याचं. शिवाय प्रत्येक झाडाचं ‘मूळ’ वेगळ्या जागी चिवट असतं, म्हणून एकच क्रियापद सगळ्यांना चालत नाही.

घाणेरी वरून कापली तर एका फांदीच्या जागी पाच-सहा फुटवे येतात. जाळली तरी बुडखा जिवंत राहतो आणि मोकळ्या उन्हात जमिनीतलं बी जोमाने रुजतं. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेली रीत अशी : बुंध्याजवळची माती बाजूला केली की खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर एक जाड गाठ दिसते. फुटवे फक्त तिच्यातून येतात, खालच्या मुळातून येत नाहीत. त्या गाठीच्या जरा खाली रुंद पात्याच्या जड कुदळीने सोटमूळ तोडायचं. मग अख्खी जाळी उचलून उलटी टाकायची, मुळं आभाळाकडे. सरळ ठेवली आणि पाऊस लागला तर ती पुन्हा मातीत पाय रोवते. अख्खं मूळ खणून काढायची गरज नाही, तसं केलं तर उतारावरची माती सुटते. तेव्हा शब्दशः ‘निर्मूलन’ इथे नकोच आहे! ‘बुडख्याखाली तोडून उलटी टाकणे’ हे लांबलचक वाटलं तरी बरोबर.

रानमोडीला ‘उपटणे’. पावसाळा सरताना जमीन ओली असते तेव्हा रोपं हाताने येतात, जुनी झुडपं कुदळीने. ती डिसेंबर-जानेवारीत फुलते, बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. फुलोऱ्यानंतर उपटून ट्रॉलीत घातली तर बी पेरत पेरतच नेता. वाळलेली जागच्या जागी सोडली तर उन्हाळ्यात वणव्याला सरपण.

वेडी बाभूळ, कन्नड ‘बळ्ळारी जाली’, ही अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यातली. तिचे फुटव्यांचे डोळे जमिनीखालीही असतात, म्हणून किमान वीतभर खाली जाऊन ‘बुडखा काढणे’. शेंगा शेळ्या-गुरं खातात आणि लेंडीतून, शेणातून बी बाहेर पडतं. साफ केलेल्या तुकड्यात शेंगांच्या दिवसांत गुरं सोडली तर पुढच्या पावसात तेच रान पुन्हा उभं.

गाजर गवत ‘फुलाआधी उपटणे’, हातमोजे घालून, कारण कातडीला खाज आणि पुरळ येतो. फुलाआधीचं असेल तर कंपोस्टात चालतं, नंतरचं नाही. पडीक जागेवर लिटरला 200 ग्रॅम मिठाचं पाणी फवारतात. पिकाच्या बांधावर ते करू नये, माती खारट होते.

मुक्काम लोंढा: गाजर गवताच्या बाबतीत सरकारी भाषा एकदा तरी नेमकी होती. पुण्यात 1955-56च्या सुमारास त्याची नोंद झाली, पुढे कर्नाटकाने 1975 मध्ये ते कायद्याने उपद्रवी तण ठरवलं. ‘उपद्रवी’ हा शब्द मला ‘आक्रमक’पेक्षा आवडतो. 1983 मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा हा भुंगेरा बंगळूरला आणला, तो पानं खातो. पण पावसाळ्यात जोमात असतो आणि कोरड्या दिवसांत मातीत दडी मारतो, गवत मात्र ओल मिळेल तिथे उगवतच राहतं. गाजर गवतावर मात करायला कॅसिया सेरिसिया हे रोपटंही पसरवलं गेलं. तेसुद्धा अमेरिकेचंच.

घटप्रभा: ‘आक्रमक’ ठेवावाच लागेल. 2022च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘आक्रमक परदेशी प्रजाती’ची व्याख्या आली. तिला दोन अटी : मूळची भारतातली नसणं आणि तिच्या पसरण्याने वन्यजीवांना किंवा अधिवासाला धोका असणं. दोन्ही हव्यात. निपाणीची तंबाखू, खानापूरचा काजू आणि सगळ्यांची मिरची परदेशीच, पण ती माळ गिळत नाहीत. मराठी बातम्यांत ‘विदेशी झाडे हटवणार’ असं सरसकट छापतात, ते चूक. आणि ‘परकी’ हा शब्द या जिल्ह्यातल्या फलकावर नकोच. इथे परकं कोण यावर माणसांचेच वाद मिटलेले नाहीत. ‘आगंतुक’ छान आहे, पण त्यात धोका दिसत नाही.

शब्दवेडा: मग ‘स्थानिक’? की ‘देशी’?

घटप्रभा: ‘देशी’ दुकानातला शब्द झालाय. सुबाभूळ नावाने अगदी घरची, आहे मेक्सिकोची. ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणजे त्या प्रदेशाबाहेर निसर्गात न सापडणारं. रातांबा पश्चिम घाटाचा प्रदेशनिष्ठ आहे. जांभूळ आपल्याकडे स्थानिक, पण आग्नेय आशियातही आहे, म्हणून प्रदेशनिष्ठ नाही. फलकावर ‘स्थानिक’च ठेवा आणि पुढे नावं द्या. भीमगडच्या जंगलाच्या बाजूला जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, कुंभा. गोकाक-अथणीला ती जगणार नाहीत, तिथे बोर, हिवर, खैर, धावडा. एकच यादी जिल्हाभर लावली की अर्धी रोपं उन्हाळ्यात वाळतात.

बांधावरचा: माळावर झाडं घालायचीच असं नाही. मारवेल, पवन्या ही गवतंही ‘स्थानिक वनस्पती’च. घाणेरी काढलेली जागा उघडी राहिली की पहिल्या पावसात रानमोडी येते, म्हणून गवताचं बी त्याच हंगामात टाकावं. आणि बुलबुल-साळुंक्या बसतात त्या झाडांखाली दर पावसाळ्यात दोन-तीन वर्षं घाणेरीची रोपं वेचावी लागतात. सूचनेत ही ओळ नसते, म्हणून पहिल्या वर्षी फोटो चांगला येतो आणि तिसऱ्या वर्षी जाळी.

जाता जाता : कन्नडमध्ये वनखात्याच्या लागवडीला ‘नेडुतोपु’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘रोपवन’. ऑस्ट्रेलियन अकेशियाच्या एकसुरी रांगा हेही रोपवनच. म्हणून तो शब्द इथे नको.

शब्दवेडा: मग असं होतंय :

‘घाणेरी (टणटणी) बुडख्याखाली तोडून उलटी टाकणे, रानमोडी फुलण्याआधी उपटणे, दर पावसाळ्यात घाणेरीची नवी रोपे वेचणे, मोकळ्या जागेत स्थानिक गवते व झाडे लावणे, आपोआप आलेली स्थानिक रोपे राखणे.’

वर शीर्षक ‘आक्रमक झुडपांचे नियंत्रण’. ‘निर्मूलन’ गेलं.

मुक्काम लोंढा: चालेल. ‘फुलण्याआधी’च्या पुढे ‘दिवाळीच्या आत’ घाला, तारीख लोकांना कळते. आणि शेवटी ‘लावणे’च राहू द्या. कुणी सुधारून ‘लावणी’ केलं तर खानापुरात भाताची समजतील, निपाणीत ढोलकीची.