हद्दवाढीत गाव आलं, ग्रामसभा गेली: पीएच.डी.चा विषय कसा बांधू?

पांझराकाठची
नमस्कार मंडळी. तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत राज्यशास्त्रात पीएच.डी. करतेय. परवा सिनॉप्सिस परत आला. शीर्षक होतं, "महाराष्ट्रातील नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांचा चिकित्सक अभ्यास: विशेष संदर्भ धुळे". शेरा एका ओळीचा: व्याप्ती मर्यादित करावी. शेरा बरोबरच आहे. ते शीर्षक मी कपाटातल्या जुन्या प्रबंधांकडे बघून बेतलं होतं.

मला खरं लिहायचंय ते वेगळंच. माझं माहेर धुळ्याला अगदी लागून. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, अवधान अशी गावं महापालिकेत आली, त्यातलंच आमचं एक. (नाव टाळते, भाऊबंदकी इथेही वाचत असेल.) तोवर आम्हाला ग्रामसभा होती. फार थोर नव्हती. २६ जानेवारीचा झेंडा झाला की मारुतीच्या ओट्यावर सतरंजी, पुढे सरपंच, मागे पोरंटोरं, बायका पार कडेला. पण माझी मोठी काकू एकदा उठली आणि हातपंपावरून ग्रामसेवकाला सगळ्यांदेखत असं बोलली, की पंधरा दिवसांत दांडा बदलला.

आता तीच काकू वॉलमनला फोन लावते. नातवाच्या मोबाइलमध्ये तो नंबर "पानी दादा" म्हणून सेव्ह आहे. त्याने नाही उचलला तर नगरसेवक. नगरसेवक चार, कारण प्रभागच चौघांचा. त्यातला आपला कोण, हे काकू आडनावावरून ठरवते.

यातून "संशोधन समस्या" कशी काढू? आणि कागद कुठून मिळवू? एका कार्यालयात गेले तर "प्रोजेक्टवाल्यांना आम्ही काही देत नाही" म्हणाले. मी प्रोजेक्टवाली नाही हे सांगेपर्यंत साहेब जेवायला गेले.

निवृत्त लिपिक, भुसावळ
ताई, एकतीस वर्षं नगरपालिकेत खर्डेघाशी केली, म्हणून सांगतो. तोंडी मागितलं तर कुणीही देणार नाही, मीही दिलं नसतं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे रस्ते, पाणी, गटार एकत्र कोंबू नका, तीन अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. प्रती मागण्याऐवजी "दप्तर पाहणी" मागा. समोर बसून फाइल चाळताना टिपणीच्या समासात पेन्सिलीने जे लिहिलेलं दिसतं, ते झेरॉक्समध्ये उमटत नाही.

मागायचं काय? अंदाजपत्रक सगळेच मागतात, त्यात नुसती इच्छा असते. काम खरंच किती झालं ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम.बी.त. महासभेचं इतिवृत्त घ्या, स्थायी समितीचे ठराव घ्या. आणि सगळ्यात मोलाचं तुमच्या ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही. हद्दवाढ झाली की ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे वर्ग होतं. कुठल्या तरी लोखंडी कपाटात, वर जुन्या निवडणुकीच्या पेट्या ठेवलेल्या, तिथे असेल. कपाटाची किल्ली शिपायाकडे असते, साहेबाकडे नाही. शिपायाशी गोड बोला.

मेहरूणचा
ताई, तुमचा प्रश्न तुम्हीच लिहून ठेवलाय, फक्त त्याला कायद्याची चौकट द्या. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, लागू झाली १ जून १९९३ ला. कलम २४३ एस म्हणतं, तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या हव्यातच. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे, धुळे पावणेचारच्या आसपास, दोन्ही बसतात. आपल्या महापालिका कायद्यात, कलम २९ अ मध्ये, या समितीवर नगरसेवकांशिवाय सामाजिक संस्थांतले तीनपर्यंत लोक नेमायची सोय आहे. तुमच्याकडे ते तिघं कधी नेमले का? हा एकच प्रश्न घेऊन एक प्रकरण होतं.

दुसरं म्हणजे "क्षेत्र सभा". शहरांच्या विकासासाठी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना २००५ च्या डिसेंबरात आली. तिच्या पैशांसोबत लोकसहभागाचा कायदा करायची अट होती. महाराष्ट्राने २००९ मध्ये तो केला, त्यातच ही क्षेत्र सभा आली, शहरातली ग्रामसभाच म्हणा ना. तुमच्या काकूला क्षेत्र सभेबद्दल विचारा. माझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "शेतसभा? ती कृषीवाल्यांची."

पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात, अर्ज भरून. तुलनेला एखादं पान ठेवा, पण सगळा प्रबंध पुण्यावर नेऊ नका, मार्गदर्शकांना तोच मोह होईल.

सातपुडा_७
थोडं कडू बोलतो. ग्रामसभेचे गोडवे गाऊ नका. वर्षाला किमान चार सभा, गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. हे सगळं कागदावर. माझ्या गावात शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करायचा, सभा सरपंचाच्या ओसरीत चहावर व्हायची. दलित वस्तीतलं कुणी त्या ओसरीवर चढलेलं मी पाहिलं नाही. तिथल्या लोकांना विचाराल तर कदाचित म्हणतील, नगरसेवक बरा, निदान मतासाठी दारात येतो. तुमची काकू बोलू शकली, कारण ती कुणाची तरी सून होती. ती कुणाच्या घरची, हेही प्रबंधात यायला पाहिजे.

पांझराकाठची
@सातपुडा_७ दादा, लागलं, पण खरं आहे. आमचं घर पाटलांच्या गल्लीतलं. हे मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलंच नव्हतं. आता दोन वस्त्या घेते, आमची गल्ली आणि नाल्यापलीकडची. प्रश्न असा बांधलाय: हद्दवाढीआधी आणि नंतर, कामासाठी कोण कुणाकडे जातं, आणि कुणाचं जाणं थांबलं.

@मेहरूणचा, काकूला क्षेत्र सभा विचारली. "आयकेल नई माय," एवढंच.

लिपिककाका, प्रोसिडिंग बुक सापडलं! कपाटावर पेट्या नव्हत्या, गणपतीची मखर होती. काकूच्या त्या सभेच्या नोंदीत लिहिलंय, "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली." काकूचं नाव नाही. सूचक पाटील, अनुमोदक पाटील. उपस्थितांत बायकांच्या अकरा सह्या, नऊ एकाच अक्षरात.

आता एक शंका. काकू सगळं अहिराणीत सांगते. "पानी उनं का" चं "पाणी आलं का" करून टाकलं की तिचा आवाजच जातो. मुलाखती अहिराणीत ठेवल्या तर समितीला चालेल का?

निवृत्त लिपिक, भुसावळ
मखर! बरोबर, पेट्या आमच्याकडे होत्या.

ताई, त्या नऊ सह्यांच्या पानाची साक्षांकित प्रत आजच मागून ठेवा. पुढच्या वेळी कपाट रंगवायला गेलेलं असेल.

मेहरूणचा
अहिराणी मजकुरात ठेवा, खाली प्रमाण मराठी द्या. आणि मुलाखतीच्या तारखा कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, आठवड्यात ठेवू नका. रोटांचा प्रसाद संपेपर्यंत सगळी भाऊबंदकी एकाच घरात असते, काकूला एकटी गाठताच येणार नाही.