मनसरच्या मँगनीजचा समुद्र: खचदरीतून उघडलेला की द्वीपचापामागचा?

हिवाळी भटक्या: गेल्या रविवारी नागपूर जिल्ह्यातल्या मनसरजवळ रस्त्याच्या कडेला पडलेला एक दगड उचलला. मुठीएवढाच, पण हातात घेताच दचकावे इतका जड. एका बाजूने बोटे काळी करणारा, तर ताज्या फुटलेल्या बाजूला साखरेसारख्या गारेत पिवळसर तपकिरी मणी विखुरलेले. हा गोंडाइट असावा आणि मँगनीजचा मूळ गाळ प्राचीन समुद्रतळावर साचला असावा, इथपर्यंत वाचून कळले. मात्र सौंसर गटाचा (मनसरचे मँगनीज ज्यात आहे त्या प्राचीन खडकथरांचा) तो समुद्र काही लेखक खंड फाटून झालेला मानतात, तर काही द्वीपचापाच्या, म्हणजे ज्वालामुखी बेटांच्या रांगेच्या, मागे उघडलेला. दोन्हींत कवच ताणले जाते, बेसॉल्ट वर येतो आणि पाणी भरते. समुद्रच मिटून गेल्यावर हा फरक कशावरून ओळखतात?

गारगोटी: दगड गोंडाइटच दिसतो. हे नाव भूवैज्ञानिक फर्मर यांनी 1909 च्या सुमारास गोंड लोकांवरून दिले. तुम्ही पाहिलेले मणी म्हणजे स्पेसार्टीन हा मँगनीजचा गार्नेट.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही खोऱ्यांत ताण आहे, पण त्या ताणाचे कारण वेगळे. खचदरीत खंड आतून फाटतो. पूर्व आफ्रिकेत ते सुरू आहे, तांबड्या समुद्रात मध्यभागी महासागरी कवच तयार होऊ लागले आहे आणि अटलांटिक हे त्याचेच पुढचे रूप. द्वीपचापामागचे खोरे मात्र शेजारच्या खंदकावर, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडतो तिथल्या समुद्रतळावरच्या खोल चरावर, अवलंबून असते. तिथे खाली बुडणारा पट्ट उतरता उतरता मागे सरकतो, त्याच्याबरोबर खंदक सरकतो आणि ज्वालामुखींची रांग मागच्या खंडापासून ओढली जाते. जपानचा समुद्र साधारण अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वी असाच उघडला. त्याआधी जपान आशियाला चिकटलेला होता. आपल्याकडचे उदाहरण अंदमान समुद्राचे, ज्याच्या पश्चिमेच्या ज्वालामुखी रांगेत बॅरन बेट आजही धुमसते.

ओळख पटते ती बेसॉल्टच्या रसायनावरून. बुडणाऱ्या पट्टातून सुटलेले पाणी वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकात) शिरते, वितळण्याचे तापमान खाली आणते आणि येताना बेरियम, रुबिडियम यांसारखी विरघळणारी मूलद्रव्ये घेऊन येते. निओबियम आणि टँटलम मात्र मागे राहतात. म्हणून अशा लाव्हांत निओबियमची तूट दिसते, आणि मध्य-महासागरी कटकांवरच्या (नवे महासागरी कवच जिथे तयार होते त्या समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरच्या) लाव्हांत ती दिसत नाही. ओमान आणि सायप्रसचे ओफिओलाइट म्हणजे जमिनीवर चढलेले महासागरी कवचच. पण त्यांतील लाव्हांत ही खूण सापडल्याने ते साध्या कटकावर नव्हे, तर बुडणाऱ्या पट्टाच्या वर घडले, असे आता बहुतेक जण मानतात.

कोरडा ओढा: वरील उत्तर बरोबर आहे, परंतु निओबियमच्या तुटीवर एकट्याने विसंबू नये. खचदरीतला बेसॉल्टही जुन्या खंडीय कवचातून वर येताना त्याचा काही भाग वितळवून सोबत आणतो, आणि मग तीच तूट दिसू लागते. सह्याद्रीतील बुशे नावाच्या लाव्हाथरांत हे ठळकपणे आढळते, जरी तेव्हा तिथे कोणताही पट्ट बुडत नव्हता. म्हणूनच शेजार पाहावा लागतो. खचदरीच्या काठावर वाळू, गाळ आणि चुनखडीचे थर खंडाकडून समुद्राकडे शिस्तीने जाड होत जातात. चापामागच्या खोऱ्यात एका बाजूने खंडाचा गाळ, तर दुसऱ्या बाजूने ज्वालामुखीची राख येऊन मिसळते. शिवाय अशी खोरी अल्पायुषी, बहुधा एक-दोन कोटी वर्षांची. तळ कोवळा आणि गरम असल्याने ती मिटतातही लवकर.

फाटलेला प्रत्येक खंड समुद्र होतोच असेही नाही. कामठीचा कोळसा ज्या गोंडवाना खोऱ्यात साचला ते खचून खोल झाले, पण तिथे महासागर कधीच उघडला नाही.

हिवाळी भटक्या: मनःपूर्वक आभार. मग मनसरचे काय?

गारगोटी: तुमच्या दगडावरून ते ठरणार नाही, आणि अडचण नेमकी इथेच आहे. सौंसर गटात क्वार्ट्‌झाइट, अभ्रकी शिस्ट, संगमरवर आणि मँगनीज भरपूर. लाव्हा मात्र फार थोडा. हा उथळ समुद्राचा, खंडाच्या काठावरचा गाळ दिसतो, आणि खाली तिरोडी नाइस हा जुना खंडीय पाया आहे, असे बहुतेक मानतात. एवढ्यावर मी खचदरीच्या बाजूने झुकतो. परंतु उत्तरेला बैतूल पट्ट्यात बेसॉल्ट आणि ऱ्हायोलाइट (सिलिकाने समृद्ध, फिकट लाव्हा) एकत्र येतात, सोबत जस्त-तांब्याची सल्फाइडे आहेत, आणि चापाचा युक्तिवाद प्रामुख्याने तिथून येतो. दोन्ही पट्टे एकाच काळाचे, एकाच समुद्राचे आहेत का, यावर सारा वाद अडलेला आहे. त्यात थरांवर नंतर इतकी उष्णता आणि दाब पडले की मूळ खुणा बऱ्याच पुसल्या गेल्या.

कोरडा ओढा: सहमत, एक दुरुस्ती सोडून: थोडा लाव्हा म्हणजे चाप नव्हताच असे नाही. चाप दूर असेल, तर खंडाकडच्या काठावर असाच गाळ साचतो. बैतूलचा एक दगडही पिशवीत असता, तर बोलायला अधिक मजा आली असती.