मदत हवी आहे: जेजुरीचे फोटो कृष्णधवल केले की भंडाऱ्याचा जीवच जातो

सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, तेव्हाच्या फोटोंची मालिका एका छोट्या प्रदर्शनासाठी लावतेय. गाडी रंगावर अडलीय.

रंगीत ठेवले तर भंडारा सगळं गिळतो. पायऱ्या, दीपमाळा, माणसं, सगळं पिवळंधमक. जल्लोष लगेच भिडतो, पण चेहऱ्यापर्यंत नजर पोचत नाही. एका फोटोत पालखीच्या दांडीला खांदा लावलेले एक आजोबा आहेत, डोळे मिटलेले, पापण्यांत भंडारा अडकलेला. कृष्णधवलमध्ये त्यांच्या सुरकुत्या, मानेच्या ताणलेल्या शिरा कशा समोर येतात! पण पिवळा मुळातच उजळ, त्यामुळे तो जवळजवळ पांढरा पडतो. उधळलेली हळद राखेसारखी दिसते आणि येळकोटाच्या गजरावर सुतकी कळा येते. तिथे असं काहीच नव्हतं, म्हणून हे मला फार खुपतंय.

लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) पिवळ्याचा उजळपणा ठरवणारी पट्टी खाली ओढली की भंडाऱ्याला करडा भरीवपणा येतो, पण हळद माखलेले चेहरेही काळवंडतात आणि कडा फाटतात. चेहरे सांभाळून हे कसं जमवायचं?

दुसरं म्हणजे, मालिकेत मधेच एक रंगीत फोटो चालेल का? ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) बराचसा कृष्णधवल, म्हणूनच शीशमहालातलं गाणं रंगात आलं की अंगावर येतं. २००४ साली अख्खा सिनेमा रंगवला, तेव्हा ती मजा गेली असं माझं मत. फक्त भंडारा पिवळा आणि बाकी फोटो करडा, हा उपाय मात्र नको.

प्रतिसाद:
पिवळी पट्टी थोडीच उतरवा आणि नारिंगी चढवा, त्वचेचा बराच भाग नारिंगीत येतो. उरलेला चेहरा मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, वेगळा उजळा. कडा फाटतात त्या पट्ट्या फार ताणल्यामुळे, आणि जेपेगवर जास्तच. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल असेल तर त्यावरच काम करा.

पण खरा प्रश्न मागे काय आहे हा. काळ्या दगडासमोर भंडारा पांढरा झाला तरी त्याचे कण चमकतात, उत्साह टिकतो. फिक्या आभाळावर तो विरून जातो. आभाळ निळं असेल तर निळी पट्टी खाली घ्या, भंडारा उठून दिसेल. ढगाळ असेल तर तो फोटो रंगीतच ठेवा, तुमचा एकुलता रंगीत फोटो तोच होऊ शकेल.

आजोबांच्या मागे आभाळ आहे की भिंत? मूळ रंगीत फोटो इथे टाका, बघून सांगतो.