कोपऱ्यातल्या हिरवळीवर वाट पडली आहे (पुन्हा)

कोपऱ्यावरचं घर:
मंडळी, पुन्हा तेच. हिरवळीवरची साखळी काढली (का काढली ते सगळ्यांना माहीत आहे, तो विषय नको) आणि महिन्याभरात हिरवळीवर तिरपी वाट पडली. या वेळी लव्हेंडरच्या दोन झुडपांच्या बरोब्बर मधून. कालच्या पावसात त्या पट्ट्यावर पाणी नुसतं साचून होतं. बी परत टाकू का? शनिवारच्या आत सांगा.

बागवाले काका:
बी टाकू नकोस, फुकट जाईल. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघ. बाजूच्या हिरवळीत सहज जाईल, वाटेवर अडेल. पावलांनी वरच्या काही इंचांतली माती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. मग पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. पोकळ दातांचं, मातीच्या कांड्या उपसून काढणारं यंत्र भाड्याने आण. नुसते खिळे टोचणारं नको, त्याने भोकाभोवतीची माती आणखी आवळते. माती ओलसर हवी, चिखल नको. बी त्यानंतर.

धाकटी वहिनी:
काका, मातीचं झालं, माणसांचं काय? माझं मत, सरळ बारबेरी लावा. एकदा काटे लागले की दुसऱ्यांदा कोणी येत नाही.

बालवर्गाच्या ताई:
बारबेरी अजिबात नको!! दाट झुडपाखाली ओलावा टिकतो आणि गोचिडी वाढतात. शिवाय चेंडू आणायला तिथे मुलंच शिरतात, मोठी माणसं नाही. आणि कोपऱ्यावर कंबरेच्या वर काही वाढलं तर वळणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडचं दिसत नाही.

धाकटी वहिनी:
मी कंबरेच्या वर म्हटलंच नव्हतं.

माजी खजिनदार:
आम्ही पाटी लावली होती, 'खासगी जागा'. लोक पाटीला वळसा घालून जायला लागले. एकाच्या दोन वाटा झाल्या! पण पाटी हवीच, फक्त मजकूर बदला. वर्षानुवर्षं लोक हक्काने चालत राहिले आणि मालक गप्प बसला, तर काही देशांत तिथून जायचा हक्क कायद्याने लोकांना मिळतो. इंग्लंडमध्ये त्याला २० वर्षं लागतात. 'मालकाच्या परवानगीने वापर' असं लिहिलं की ते 'हक्काने' चालणं राहत नाही. म्हणजे हो म्हणून नाही म्हणायचं. माझ्या कारकिर्दीत सभागृहाच्या मागच्या फाटकाला मी हेच सुचवलं होतं, कुणी ऐकलं नाही.

चिटणीस:
नम्र आठवण: बागेचे विषय बागेच्या वेगळ्या चर्चा-यादीवर टाकायचे ठरलं होतं. फाटकाचा विषय बैठकीत मिटलेला आहे.

बागवाले काका:
बागेच्या यादीवर मी एकटाच आहे.

टेपवाला:
संध्याकाळी मोजून आलो (दादा घरी नव्हते, क्षमस्व). पदपथाच्या एका बाजूने ५ मीटर, दुसऱ्या बाजूने १२. तिरपं गेलं की १३. १७ च्या जागी १३, म्हणजे ४ मीटर वाचतात. घाईत असलेला माणूस हे गणित न शिकता करतो. अडवायचं असेल तर अडथळा वाटेच्या दोन्ही तोंडांशी हवा, कारण माणूस वळायचं तिथे ठरवतो. साखळी मध्यभागी होती, म्हणून लोक तिला वळसा घालत होते. तोंडाशी गुडघ्याएवढे दोन-तीन दगड, शेजारी बुटकी दाट झुडपं. नाहीतर सरळ हार माना आणि त्याच रेषेत फरशा टाका, मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे ६० सेंमी, हिरवळीच्या पातळीत, म्हणजे वर कापणी यंत्र फिरतं. उरलेली हिरवळ तरी वाचेल.

बागवाले काका:
फरशीखाली खडी आणि वाळू हवी, नाहीतर डुगडुगेल. हे मी सांगणारच होतो.

कोपऱ्यावरचं घर:
म्हणजे माझ्या खर्चाने मी जगाला रस्ता बांधून देऊ? असो. दाराच्या कॅमेऱ्यात आठवडाभराचं बघितलं. टपालवाला एकदा, शाळेची पोरं दोनदा. बाकीचे सगळे मंगळवारी साडेसातला, गाडी माझ्या दारात लावून सभागृहातल्या तालमीला जाणारे. चेहरे ओळखीचे आहेत. नावं लिहीत नाही.

चिटणीस:
हा विषय या यादीवर चालू द्यायला हरकत नाही.

तालीमवाला:
दादा, चार-चार घडीच्या खुर्च्या घेऊन जातो हो आम्ही. फरशा टाकणार असाल तर जरा रुंद टाका.