मेणवलीच्या वाड्याचं हॉटेल करायचं म्हणे!

कृष्णाकाठ: 'वाईजवळचा नाना फडणवीसांचा वाडा सरकारने ताब्यात घेऊन हेरिटेज हॉटेल करावं, घरच्यांच्याने होणार नाही' या पोस्टला धडाधड लाइक! अहो, सहा चौकांचा वाडा अठराव्या शतकापासून उभा आहे तो घर म्हणून राहिला म्हणूनच. नानांच्या कागदपत्रांचं ते मेणवली दफ्तर कुठे टिकलं? तिथेच ना? उद्या चौकात बुफे मांडणार?

पुणे५२: भावनेने कौलं शाकारली जात नाहीत. पैसा कोण देणार, तुम्ही?

सातबारा: पैसा नंतरची गोष्ट. आमच्या गावच्या वाड्याच्या उताऱ्यावर इतकी नावं आहेत की निम्म्यांची तोंडंही पाहिलेली नाहीत. माजघराची तुळई वाळवीने खाल्ली होती, बोट घातलं की भुसा. एक चुलते सहीच देईनात, तेवढ्यात पावसाळा आला. माळवद खाली!

सुर्खी: आणि जे दुरुस्त करतात ते सिमेंट थापतात! चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, मग भिंतीतलं लाकूड कुजतं. चुना विरवा, दगडी चाकाच्या घाणीत मळा, हिरड्याचं पाणी आणि गूळ घाला. वेळ लागतो, लागू दे.

पुणे५२: आमच्या देवळाला सिमेंट लावलंय. मजेत आहे.

सुर्खी: खालून हातभर पोपडे सुटलेत का बघून या, मग बोला.

पुणे५२: सुटलेत थोडे. ते पाणी वर चढतं म्हणून.

सुर्खी: मग मी दुसरं काय सांगतोय!!

कृष्णाकाठ: धागा वाड्याचा होता, गवंडीकामाचा नव्हे.

सुर्खी: गवंडीकाम वगळून वाडा म्हणजे काय, नुसता इतिहास? तुम्ही लोक दफ्तरावर बोलता आणि गळक्या पन्हळीखाली बादली ठेवता.

सातबारा: आमच्याकडे बादलीही सामाईक होती, तिच्यावरूनही भांडण.

पुणे५२: बरं बाबा, हॉटेल नको. पुरातन वास्तूंच्या १९६० च्या राज्य कायद्याखाली वाडा राज्य संरक्षित स्मारक करा, झालं समाधान?

कृष्णाकाठ: म्हणजे दारात फलक लागेल आणि घरच्यांना खिळा ठोकायलाही परवानगी काढावी लागेल. त्यापेक्षा घरच्यांनाच अनुदान द्या, अट एकच घाला, चुन्याची. हो सुर्खी, तुमचंच म्हणणं घेतलंय, नाचू नका.

सुर्खी: नाचतो कसला. घाणी चालवणारा माणूस शोधून द्या आधी.