‘डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक’ : शत्रू रंगमंचावर येत नसताना नाटकात संघर्ष कसा उभा राहतो?

नाट्यवाचक :
आमच्या वाचनगटात फ्रान्सेस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांचे, अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीच्या रोजनिशीवर आधारलेले, १९५५ सालचे हे नाटक सुरू आहे. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कार्यालयाच्या मागच्या भागात आठ ज्यू माणसे लपून राहिली आणि अखेरीस पकडली गेली, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ज्यांच्या भीतीने ती लपली, ते नाझी तर मूळ संहितेत दिसतही नाहीत. मग ताण कशातून येतो? मला वाचताना घरगुती भांडणेच जाणवतात.

पडद्यामागे :
संवादांइतक्याच काळजीने रंगसूचना वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे खाली कामगार असताना, बूट घालायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, हे अ‍ॅनचे वडील ऑटो फ्रँक सुरुवातीलाच सांगतात. हा नियम एकदा कानावर पडला की पुढचा प्रत्येक आवाज प्रेक्षक धास्तावूनच ऐकतो. हनुका या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचा प्रसंग पाहा. भेटवस्तू वाटून झालेल्या, सगळे आनंदात, आणि खालून चाहूल लागते. दिवा विझवण्यासाठी खुर्चीवर चढलेला पीटर, लपलेल्यांपैकी एक मुलगा, धाडकन पडतो. खाली चोर होता, पण त्याने आवाज ऐकला आहे, आणि ही टांगती तलवार दुसऱ्या अंकावर कायम राहते. शिवाय सर्व खोल्या एकाच वेळी दिसत असल्यामुळे भांडण झाल्यावर कोणालाही उठून बाहेर जाता येत नाही, हे सतत डोळ्यांसमोर असते.

संहिताप्रेमी :
घरगुती भांडणांना मी दुय्यम मानणार नाही, कारण बाहेरचे युद्ध त्यांच्यातूनच आत शिरते. दुसऱ्या अंकात पीटरचे वडील व्हॅन डान रात्री पाव चोरताना सापडतात. तोवर सतत समेट घडवणाऱ्या अ‍ॅनच्या आई श्रीमती फ्रँक त्यांना घराबाहेर काढण्याची मागणी करतात, आणि बाहेर काढणे म्हणजे मृत्यूच्या हवाली करणे, हे प्रत्येकाला कळते. त्याच क्षणी लपलेल्यांना मदत करणारी मीप दोस्त राष्ट्रांचे सैन्य युरोपात उतरल्याची बातमी आणते. सगळे हर्षभरित होतात आणि व्हॅन डान शरमेने रडू लागतात. भूक, भीती आणि आशा यांना लेखकांनी एकाच प्रसंगात समोरासमोर आणले आहे. मला हा नाटकाचा सर्वोच्च बिंदू वाटतो.

इतिहासाचा विद्यार्थी :
प्रसंग प्रभावी आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु पावाची चोरी ही नाटककारांची कल्पना आहे, अ‍ॅनच्या रोजनिशीत ती नाही. व्हॅन डान हे नाव बदललेले असले, तरी त्यामागचे हर्मन व्हॅन पेल्स हे खरे गृहस्थ होते. लपलेल्यांपैकीच ज्यांना नाटकात डुसेल म्हटले आहे, त्या फ्रिट्झ फेफर यांच्याबाबतीत तर मला हे अधिकच खटकते, कारण प्रत्यक्षात धर्मनिष्ठ असलेल्या या माणसाला नाटकात हनुका म्हणजे काय हेही ठाऊक नसते. दोघेही छळछावणीतून परतले नाहीत, त्यामुळे खुलासा करणेही त्यांना शक्य नव्हते. आपल्या गटाने संघर्षाची चर्चा करताना रोजनिशीतील संबंधित नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला मनापासून वाटते.

नाट्यवाचक :
आपणा सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीत हनुकाचा प्रवेश रंगसूचनांसह मोठ्याने वाचू, आणि पावाच्या प्रसंगाआधी रोजनिशीतील अन्नटंचाईच्या नोंदी घेऊ.