महाग लॅपटॉप का घेतलात? इंदूरकरांनो, अनुभव सांगा

मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जातेय, लॅपटॉप घ्यायचाय. सिल्व्हर मॉलमध्ये चक्कर मारली तर प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, पण किंमत एकाची दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. दुकानदार म्हणतो ब्रँड आहे साहेब. एवढ्याने समाधान होत नाही हो. ज्यांनी जास्त पैसे दिलेत त्यांनी सांगा, कशासाठी दिले आणि वसूल झाले का.

रामबागवाला
लग्नांचे व्हिडिओ करतो. 2020 च्या शेवटी अ‍ॅपलचा एम१ चिपचा मॅकबुक एअर आला, आपल्याकडे 92,900 पासून, आणि घरचे म्हणाले एवढ्यात तर दोन लॅपटॉप येतील. पण मला फायनल कट या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करायचं होतं आणि ते विंडोजवर चालतच नाही. यात पंखाच नाही, त्यामुळे आवाज शून्य, आणि मंगल कार्यालयात कोपऱ्यात बसून चार्जर न लावता संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी सकाळचे विधी कापून तयार करतो. माझे पैसे तिथेच वसूल. फक्त एक लक्षात ठेवा, रॅम नंतर वाढवता येत नाही, काय ती घेतानाच घ्या.

हिशोबनीस
सीए आहे. माझं म्हणणं, ब्रँड बघूच नका, सिरीज बघा. एकाच कंपनीत घरगुती वेगळी आणि ऑफिसची वेगळी असते. डेलची इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड (2025 पासून नव्या मशीनवर ही नावं नाहीत), एचपीची पॅव्हिलियन (हे नावही 2024 पासून बदलत गेलं) आणि एलिटबुक, लेनोवोची आयडियापॅड आणि थिंकपॅड. दुसऱ्या प्रकारात बिजागर, कीबोर्ड मजबूत असतात आणि पैसे भरून ऑनसाइट वॉरंटी घेतली की इंजिनिअर ऑफिसात येतो. रिटर्नची 31 जुलै तोंडावर असताना मशीन आठवडाभर सर्व्हिस सेंटरला पडून राहिलं तर माझं काय होईल, विचार करा! शिवाय धंद्यासाठी घेतलं, जीएसटी रजिस्ट्रेशन आहे, तर लाखाच्या मूळ किमतीवरचा 18 हजार जीएसटी क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा होतो, आणि कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा आहे, म्हणजे किमतीचा तेवढा भाग खर्चात धरता येतो. नोकरदाराला यातलं काही मिळत नाही, म्हणून माझं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही.

लोकमान्य नगरची ताई
मी गाण्याचे ऑनलाइन क्लास घेते. आधीच्या लॅपटॉपची स्क्रीन 250 निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), खिडकीपाशी बसलं की काही दिसायचंच नाही आणि माइकमध्ये तानपुरा कुठे नि आवाज कुठे. दुकानातल्या कार्डावर प्रोसेसर, रॅम लिहितात, स्क्रीन, माइक, कॅमेरा कोण लिहितं? जास्तीचे पैसे बरेचदा तिथेच जातात. दोन्ही मशीन शेजारी ठेवून सुरू करायला लावा, उजेडात बघा, चार ओळी टाइप करून बघा.

भिया_सुपर_कॉरिडॉर
थिंकपॅड, तोही जुना, कुठल्याशा कंपनीने वापरून काढून टाकलेल्या लॉटमधला. ही सिरीज 1992 मध्ये आयबीएमने आणली, 2005 पासून लेनोवोकडे आहे. कीबोर्डवर हात बसला की दुसरं नको वाटतं. नवा परवडत नसेल तर असा घ्या, पण बॅटरी बदलायची तयारी ठेवा.

घरसजावट
मी इंटिरिअरची कामं करते आणि मला सांगायला संकोच नाही, दिसण्यासाठीसुद्धा घेतला. क्लायंटला थ्रीडी दाखवताना रंग खरे दिसले पाहिजेत आणि मशीनही नीटनेटकं हवं, तोही आमच्या कामाचाच भाग आहे.

सुदामानगर
दादा, मुलीची ब्रँच कुठली? मेकॅनिकल असेल तर मॅक घेऊ नका, मशीनच्या डिझाइनचं सॉलिडवर्क्स सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. आमच्या मुलाच्या वर्गात हाच घोळ झाला.

धागाकर्ता
ब्रँच काउन्सेलिंगनंतर कळेल, तोवर थांबतो. ताई, खिडकीचं पटलं. हिशोबनीस साहेब, ऑफिसच्या सिरीजचा लॅपटॉप इंदूरात हाताळून बघायला कुठे मिळेल? मॉलमध्ये मला तरी दिसला नाही.